घोडी चंदी खाते, पावडर ठेवते: पूरक खुराक उरतो तेव्हा काय तपासायचं

घमेल्यातल्या चंदीतला, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या खुराकातला, हरभरा संपलेला, कोंडाही चाटूनपुसून साफ, आणि तळाला मात्र पांढरट पावडरीचा ओला थर जसाच्या तसा. ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांनी हे पाहिलेलं असणारच. घोड्याचा वरचा ओठ बोटांसारखा चालतो. भिजल्या हरभऱ्यातून मुगाएवढी गोळी तो वेचून कडेला सारतो. पावडर कोरडी असेल तर तोंड घालायच्या आधी जोरात फुरफुरतो, अर्धी पावडर तिथेच उडते, मग सावकाश दाणे टिपायला लागतो.

माझी मैना, कुमैत रंगाची मारवाडी घोडी, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणली त्याला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तिने पूरक खुराक तीन वेळा पूर्ण सोडला. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. आणि तिन्ही वेळा मी सुरुवातीला एकच केलं, गूळ वाढवला. गुळाने दोन दिवस निभावले, तिसऱ्या दिवशी थर पुन्हा तळाला. घोडी नखरेल आहे, चोखंदळ आहे, असं म्हणून आपण सोडून देतो. माझं आता ठाम मत आहे की खाणारं जनावर अचानक खाणं निवडायला लागलं तर त्यामागे कारण असतं, आणि ते शोधता येतं.

पण त्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा की जे घालताय ते सगळं तिला हवं आहे का. आपल्याकडे एकाने सांगितलं म्हणून कॅल्शियम, दुसऱ्याने सांगितलं म्हणून लिव्हर टॉनिक, नालबंदाने सांगितलं म्हणून खुरासाठी बायोटिन, असे डबे जमत जातात. दोन डब्यांत एकच क्षार असला तर तो दुप्पट पोटात जातो. सेलेनियमच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. ते जास्त झालं की आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खुराला आडव्या भेगा पडतात. म्हणजे ज्या खुरासाठी डबा आणला तेच खूर बिघडतं.

मैनाला कॅल्शियमची खरी गरज होती. मी तिला हरभऱ्याबरोबर गव्हाचा कोंडा आणि हिरवा चारा म्हणून हत्ती गवत द्यायचे, आणि हा मेळ घोड्याला वाईट. कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो. हत्ती गवतात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडांतून ते काढतं. असं महिनोन्‌महिने चाललं की चेहऱ्याची हाडं फुगतात, चाल जड होते. एकूण खुराकात फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम असावं, बरोबरीच्या खाली तर कधीच जाऊ नये. डॉक्टरांनी कोंडा कमी करायला लावला, लसूणघास हा हिरवा चारा सुरू करायला सांगितला आणि खाद्य दर्जाची चुनखडीची भुकटी लिहून दिली. (पानाला लावतो तो चुना यासाठी चालत नाही. तो दाहक असतो, तोंड भाजतो.) त्याबरोबर खनिज मिश्रण, बायोटिन आणि मीठ. असे चार जिन्नस झाले.

आता मापाबद्दल. डब्यावरचं माप बहुधा ५०० किलोच्या घोड्याला धरून असतं आणि आपली मारवाडी, काठियावाडी किंवा भीमथडी जनावरं त्याहून हलकी. वजनकाटा नसेल तर टेपने काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आलेल्या आकड्याला ११,८८० ने भागा. मैनाचा घेर १६५ आणि लांबी १५५, म्हणजे वजन साधारण ३५५ किलो. ५०० किलोचं माप मी तिला देत होते. चव जड होण्याचं निम्मं कारण तिथेच होतं.

पहिली वेळ होती ती ही. चारही जिन्नस एकाच सकाळी, पूर्ण मापाने, सुक्या कोंड्यावर भुरभुरून. तिने हुंगलं, मान वर केली, वरचा ओठ उलटा दुमडून दात दाखवले आणि गव्हाणीपासून मागे सरकली. घोडं असं ओठ उलटून वास आत ओढून पारखतं. त्या दिवशी तिने हरभरासुद्धा खाल्ला नाही.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. सगळं बंद करून तीन-चार दिवस साधी चंदी द्यायची. मग एकच जिन्नस, तोही चिमूटभर. खाल्लं तर दोन-तीन दिवस तेवढंच, मग पाव माप, मग अर्धं. पूर्ण मापाला पोचायला आठ-दहा दिवस लागतात. तो पक्का बसल्याशिवाय दुसरा जिन्नस उघडायचा नाही. चार जिन्नसांना दीड महिना गेला, पण गेला तर जाऊ दे. बायोटिनचंच घ्या. दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम निदान सहा-नऊ महिने दिल्यावर त्याचा गुण दिसतो, कारण खुराची पुढची भिंत वरून खालपर्यंत नव्याने यायला जवळजवळ वर्ष लागतं. तिथे आठवडाभराच्या घाईने काहीच साधत नाही.

पावडर दाण्याला चिकटली पाहिजे, ही दुसरी गोष्ट. भिजवलेला हरभरा निथळून घ्या, त्यात भुकटी टाकून हाताने चोळा, आणि मग वर कोंडा टाकून पुन्हा कालवा. कोंड्यावर पाण्याचा हबका मारा. पंज्यात घेऊन मूठ वळली आणि उघडल्यावर मोकळी झाली की ओल बरोबर. लगदा झाला तर बरीच घोडी तोंड लावत नाहीत. थोडं ताजं जवसाचं तेल घातलं तरी पावडर छान बसते, पण जवसाचं तेल लवकर खवट होतं. आपल्या नाकाला कळायच्या आधी घोड्याला कळतं, म्हणून लहान बाटली आणा.

मिठाबद्दल एक. ३५५ किलोच्या बसून असलेल्या घोडीला दिवसाला १८ ते २० ग्रॅम मीठ पुरतं, म्हणजे एक मोठा सपाट चमचा. घाम गाळणाऱ्या जनावराला जास्त. ते एका वेळी एकाच घमेल्यात ओतलं तर चंदी खारट होतेच. मी सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं देते आणि सैंधवाचा मोठा खडा ठाणावर, म्हणजे घोडी बांधते तिथे, टांगलेला असतो. पाणी मात्र समोर भरपूर हवं.

चवीसाठी काय घालावं? गूळ आणि काकवी हे आपले हुकमी उपाय, आणि सुपारीएवढ्या खड्याला माझी हरकत नाही. पण बसून असलेल्या, मानेवर चरबीची वळी आलेल्या घोड्याला रोज गूळ म्हणजे खुरांच्या आतल्या सुजेला आमंत्रण. वरातीच्या घोड्यांना लोक मूठमूठ गूळ चारतात ते पाहवत नाही. आपल्या स्वयंपाकघरात याहून चांगलं काही आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये तबेल्यातल्या घोड्यांना वेगवेगळ्या स्वादांचं खाद्य देऊन आवड पाहिली. पहिली आली मेथी, दुसरं केळं, आणि पहिल्या आठांत जिरं, गाजर, पुदिनाही होते. मी मेथीदाणा कोरडा भाजून जाडसर कुटून ठेवते आणि अर्धा चमचा चंदीत टाकते. मैनाला तो वास दारातून कळतो, खिंकाळून बोलावते. गाभण घोडीला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथी देऊ नका. केळं सालीसकट कुस्करून त्यात भुकटी कालवली की कडू जिन्नसही जातो. गाजर द्याल तर उभं लांब चिरा, गोल चकत्या घशात अडकू शकतात.

दोन घमेल्यांची पारख

दुसऱ्या वेळी मैनाने पावडर सोडली तेव्हा सगळं बसलेलं होतं, वर्षभर विनातक्रार चाललं होतं. अशा वेळी अंदाज करत बसण्यापेक्षा ही पारख करा. भूक लागलेली असताना दोन घमेली शेजारी ठेवा, एकात साधी चंदी, दुसऱ्यात पूरक खुराक घातलेली. पंधरा मिनिटं बाजूला उभं राहून नुसतं बघा. दुसऱ्या दिवशी घमेल्यांच्या जागा बदला.

साधी चंदी खाल्ली आणि दुसरी सोडली तर गोष्ट वासाची, चवीची किंवा आठवणीची आहे. दोन्ही सोडली पण गवत खाते, तर पोटाकडे संशय न्या. दोन्ही सावकाश, तोंड वाकडं करून खाते, घास गळतो, तर तोंड बघा. आणि गवतसुद्धा सोडलं, पाय आपटते, वळून कुशीकडे बघते, लोळते, तर हे वाचत बसू नका. तो पोटशूळ असू शकतो, ताबडतोब डॉक्टरांना फोन करा. खाणं मंदावलं की ताप बघायची सवयही ठेवा. घोड्याच्या अंगाचं तापमान एरवी साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतं, त्यावर गेलं तर पावडरीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी आजार शोधायचा.

मैनाने साधी खाल्ली, दुसरी हुंगून सोडली. मग तेच कालवलेलं खाद्य मी परसात, आंब्याखाली, नव्या टोपल्यात दिलं. तिथे तिने खाल्लं! म्हणजे वास तोच, चव तीच, पण ठाणावरच्या घमेल्याबद्दल तिच्या मनात काहीतरी बसलं होतं. आठवून पाहिलं तर महिनाभर आधी तिच्या पुढच्या पायाला लचक आली होती आणि दुखऱ्या पायाची कडू भुकटी, फेनिलब्युटाझोन, मी चंदीत मिसळून दिली होती. दोन दिवस तिने खाल्ली, तिसऱ्या दिवशी सोडली. औषध संपलं तरी ते घमेलं, ती पांढरी भुकटी आणि ती कडू चव यांची गाठ तिच्या डोक्यात पक्की झाली होती.

तेव्हापासून औषध आणि चंदी मी कधी एकत्र करत नाही. औषध केळ्याच्या लगद्यात कालवून, सुई नसलेल्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या सिरिंजने तोंडाच्या कडेने जिभेवर द्यायचं, तेही चंदी खाऊन झाल्यावर. आधी आठवडाभर त्याच सिरिंजने नुसता केळ्याचा लगदा दिलात तर ती आपणहून तोंड पुढे करते. बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने मान वर ओढून ढोसायची जुनी पद्धत आहे, ती कृपा करून सोडा. पातळ औषध श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते आणि त्यात जनावर दगावतं.

मनातून उतरलेलं घमेलं परत आवडतं करायला तीन आठवडे लागले. घमेलं बदललं, जागा दोन हात सरकवली, आठवडाभर नुसती मेथीची चंदी, मग पुन्हा चिमटीपासून सुरुवात.

याच प्रकारातलं एक पावसाळी कारण आहे, तेही तपासा. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत उघडा डबा आठवड्यात गोळे धरतो. जीवनसत्त्वांची पावडर ओली झाली की तिचा गुणही जातो आणि वासही बदलतो. घरातली झाकणबंद बरणी, त्यात कोरडा चमचा, आणि महिन्याभरापुरताच साठा. तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) वापरत असाल तर तो आतून उलटा करून हुंगा. कापडात जुनी पावडर, लाळ आणि आंबलेला हरभरा मुरलेला असतो. रोज धुवून उन्हात टाका. उन्हाळ्यात रात्री भिजवलेला हरभरा दुपारपर्यंत आंबतो, तो दुपारच्या चंदीला वापरू नका.

तिसऱ्या वेळी मला वाटलं आता सगळं माहीत आहे. दिवाळी होऊन महिना झाला होता, नवं गवत गंजीला लागलं होतं. मैनाने आधी मीठ घातलेली चंदी सोडली, मग चुनखडीची, आणि चौथ्या दिवशी साधीही अर्धी ठेवली. सावकाश खात होती. मी पोटाच्या काळजीत पडले, कारण घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं आणि लाळ मात्र चावतानाच सुटते. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की वरच्या अस्तराला व्रण पडतात. अशी घोडी गवत खाते पण दाणा सोडते, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान पाडते, दात खाते. शर्यतीच्या घोड्यांत हे फार आढळतं. पण मैनाला तंगाचा राग नव्हता.

आमच्याकडे शेजारच्या गावचे तात्या येतात, आयुष्यभर मोतद्दार म्हणून घोडी सांभाळलेली. त्यांनी गव्हाणीजवळ वाकून लाळेने भिजलेला गवताचा एक चघळलेला गोळा उचलला, बोटांत चुरगळला आणि मला दाखवला.

"ताई, हे बघा. चावतीय, पण गिळत नाही. ती पावडरीवर रुसलेली नाही, तिचं तोंड दुखतंय."

त्यांनी ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या फटीत, अंगठा घातला, तोंड उघडलं आणि खालचा ओठ बाहेर वळवला. हिरडी आणि ओठ यांच्या मधल्या खाचेत काळपट केसासारखं काहीतरी आडवं रुतलेलं होतं, भोवती ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा व्रण. एक नाही, सात-आठ. कुसळं! पुरंदरच्या माळरानावरचं कुसळी गवत पिकल्यावर कापलं की त्याची कुसळं गंजीतून थेट तोंडात जातात आणि मांसात उलटी अडकतात, आत सरकतात, बाहेर येत नाहीत. त्या जखमांवर मी रोज मीठ आणि भुकटी चोळत होते. हे लिहितानाही मला वाईट वाटतं.

डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन, जबडा उघडा ठेवणारं साधन लावून, जिभेखालची आणि गालाच्या आतली कुसळं चिमट्याने काढली. त्याच वेळी मागच्या दाढांची धारही कानशीने घासली. घोड्याचा वरचा जबडा खालच्याहून रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते, ती गाल आणि जीभ कापते. वर्षातून एकदा दात दाखवायलाच हवेत. तरण्या घोड्यांना आणि म्हाताऱ्यांना सहा महिन्यांनी. दहा दिवस मऊ हिरवा लसूणघास, ओलसर कोंडा, मीठ बंद. अकराव्या दिवशी मेथीची चंदी ठेवली तर तिने घमेलं पुसून काढलं आणि रिकामं घमेलं पायाने ढकललं.

म्हणून दोन घमेल्यांच्या पारखीआधीच आता मी तोंड बघते. स्वच्छ हात, बॅटरी, खालचा ओठ, वरचा ओठ, हिरड्या, जिभेची कड. तोंडाला घाण वास, लाळेत रक्त, चघळून टाकलेले गोळे, लिदीत अख्खे हरभरे, यातलं काही दिसलं तर चवीचे प्रयोग थांबवायचे.

एक इशारा राहिला, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. खुराक खात नाही म्हणून शेजारच्या गोठ्यातलं गाईचं खाद्य, गाईचं खनिज मिश्रण किंवा कोंबडीखाद्य मूठभर मिसळून बघायची पद्धत आहे. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला, गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने मरतात. वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम एवढ्यावर घोडा जाऊ शकतो आणि त्याला उतारा नाही. घोड्यासाठी आहे असं पोत्यावर लिहिलेलं नसेल तर ते घोड्यापुढे नेऊच नका. घोड्याने खाल्लं असं कळलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

मैनाचा रोजचा क्रम आता असा आहे. दिवसभरात सहा-सात किलो सुका चारा, थोडा थोडा करून, पोट रिकामं राहू नये म्हणून. चंदीच्या आधी ओंजळभर लसूणघास. सकाळच्या चंदीत चुनखडी आणि निम्मं मीठ, संध्याकाळी बायोटिन, खनिज मिश्रण आणि उरलेलं मीठ, दोन्ही वेळा मेथी. हत्ती गवत बंद केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करते: सगळं खाल्लं तर टिंब, काही उरवलं तर रेघ. रेघा लागोपाठ दोन आल्या की त्याच दिवशी ओठ उचलून बघते.

आणि नवं गवत घेताना पेंढी सोडून मधलं मूठभर उपसते, मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून बघते. टोचलं तर ती गाडी परत जाते. चुकून आलीच तर ते गवत रोपांच्या आळ्यात आच्छादनाला जातं, मैनाच्या गव्हाणीत जात नाही.